घोड्यावरून उतरलेल्या ताराराणी

गेल्या आठवड्यात एका शाळेत कथाकथनाच्या स्पर्धेला परीक्षक म्हणून गेले होते. विषय होता इतिहासातल्या शूर स्त्रिया. चौदा मुलींपैकी नऊजणी ताराराणी! कोल्हापूरच ते, दुसरं काय होणार? नऊवारी, पुठ्ठ्याची तलवार आणि टिपेचा आवाज. चौथ्या मुलीपर्यंत ‘कडाडल्या’, ‘तळपल्या’, ‘धूळ चारली’ मला पाठ झालं. गोष्ट काही ऐकायला मिळाली नाही. पोरींचा काय दोष म्हणा, भाषण लिहून देणारे आपणच.

कावळा नाक्यावरच्या पुतळ्यात आपण ताराराणींना घोड्यावर बसवलंय आणि तिथून खाली उतरूच देत नाही, असं मला वाटतं.

मार्च १७०० मध्ये त्यांचे पती राजाराम महाराज सिंहगडावर वारले तेव्हा त्या जेमतेम पंचविशीच्या. पोरगा तीन-चार वर्षांचा. समोर खुद्द औरंगजेब, आणि तो एकेक गड घेत सुटलेला. इथं तलवारीपेक्षा हिशेब भारी पडला. आपल्या विशाळगडाचंच बघा. १७०२ साली मोगलांनी महिनोन् महिने वेढा घातला आणि शेवटी पैसे मोजून गड ताब्यात घेतला. तोवर पाऊस लागला. आपला तो पाऊस, जून-जुलैचा! विशाळगडाहून पन्हाळ्याकडं परतताना चिखलात आणि ओढ्यांत त्या फौजेचे जे हाल झाले, ते कुठल्याही लढाईत झाले नसतील. दिलेले बरेच गड मराठ्यांनी पुढं परत घेतले. म्हणजे मोगलांच्याच पैशावर मोगलांशीच लढाई. हे सहावीतल्या पोराला सांगून बघा, डोळे कसे चमकतात ते.

पण आपली गोष्ट १७०७ ला औरंगजेब मेला की संपते. खरी गोष्ट तर तिथून पुढं सुरू होते. पुतणे शाहूराजे मोगलांच्या कैदेतून सुटून आले, घरातच दोन तट पडले, करवीरची गादी वेगळी झाली. १७१४ मध्ये सवत राजसबाईंनी आपल्या मुलाला गादीवर बसवलं आणि ताराराणींना पन्हाळ्यावर कैदेत टाकलं. मोगलांना न सापडलेली बाई घरच्यांच्या कैदेत! पन्हाळ्याला आपण भुट्टा खायला जातो. ही सोळा-एक वर्षं तिथं कुणी सांगत नाही.

आणि पंचाहत्तरीत? साताऱ्याला त्यांनी स्वतःच नातू म्हणून पुढं आणलेल्या छत्रपती रामराजाला १७५० मध्ये किल्ल्यावर कैद केलं. पेशव्यांच्या विरोधात तो उभा राहीना म्हणून. हे सांगायला आपली जीभ अडखळते, कारण मग भद्रकालीची तसबीर जरा तिरकी होते. होऊ दे की! हट्टी, चुकणारी, हार न मानणारी म्हातारी मला त्या तसबिरीपेक्षा जास्त जवळची वाटते. शिवाजी महाराज हयात असताना जन्मलेली ही बाई पानिपत झाल्यावर, १७६१ च्या डिसेंबरात गेली.

तर स्पर्धेत शेवटी मी एका मुलीला विचारलं, “बाळ, घोड्यावरून उतरल्यावर ताराराणी काय करत असतील गं?”

भाषणात नसलेला प्रश्न. ती थोडी गांगरली, मग म्हणाली, “पाय भरून आले असतील की ओ मॅडम. आधी बाळ कुठं हाय ते बघत असतील.”

मी तिला पहिला नंबर दिला. शेजारचे परीक्षक अजून माझ्याशी धड बोलत नाहीत.