स्की बूट आणि तीन जोड मोजे: फिरत असलेल्या एका सल्ल्याचा प्रतिवाद

डिसेंबर उजाडला की नाशिकमधून औलीला किंवा गुलमर्गला स्कीइंग शिकायला निघालेल्या मंडळींच्या मोबाईलवर एक संदेश फिरू लागतो. मजकूर थोड्याफार फरकाने असा असतो: ‘स्की बूट बर्फासारखे गार असतात. आधी सुती आणि त्यावर दोन लोकरी असे तीन मोजे घाला. त्यासाठी बूट एक नंबर मोठा मागा. मोज्यांवर प्लॅस्टिकची पिशवी चढवा, बकले आवळता येतील तितकी आवळा, तळव्यांना मोहरीचे तेल चोळा, सोबत ब्रँडी ठेवा आणि तरीही बोटे बधिर झाली तर लगेच शेकोटीपाशी पाय शेका.’ यंदा हाच संदेश वाचून आमच्या शेजारच्या काकूंनी जानेवारीत औलीला जाणाऱ्या आपल्या मुलासाठी जाड मोजे विणायला घेतले आणि लोकरीचा रंग दाखवायला त्या माझ्याकडे आल्या. तेव्हा यावर सविस्तर लिहायलाच हवे असे मला वाटले. संदेश पुढे पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला आहे यात शंका नाही, पण त्यातला जवळजवळ प्रत्येक सल्ला पाय गार पाडणारा आहे आणि शेवटचा तर पायाला कायमची इजा करू शकणारा आहे.

सर्वांत आधी मोज्यांविषयी, कारण सगळी चूक तिथून सुरू होते. पहिल्या खेपेला मीही औलीला असेच तीन मोजे घातले होते. सकाळी नऊला बूट चढवताना पाय उबदार वाटले, दहाच्या सुमारास बोटांना मुंग्या आल्या आणि अकरा वाजता बोटे आहेत की नाहीत हेच कळेनासे झाले. दुपारी बूट काढले तेव्हा नडगीवर मोज्याच्या पट्टीचे वळ इतके खोल उमटले होते की त्यातले उलटसुलट टाके मोजता आले असते, आणि करंगळीसकट तीन बोटे मेणासारखी पांढरी पडली होती. आतला सुती मोजा पिळला तर पाणी निघेल इतका ओला होता. दुसऱ्या दिवशी प्रशिक्षकाने माझे दोन मोजे काढून ठेवायला लावले, आणि त्याच बुटांत, तितक्याच थंडीत, एका पातळ लोकरी मोज्यावर मी दुपारपर्यंत उतारावर होतो.

याचे कारण साधे आहे. मोजा स्वतः उष्णता निर्माण करत नाही. पाय गरम ठेवते ते रक्त, आणि मोज्याचे काम ती उष्णता धरून ठेवण्याचे. तेही मोज्याचे धागे करत नाहीत, तर धाग्यांमध्ये अडकलेली स्थिर हवा करते. गादीवाल्याकडून कापूस नव्याने पिंजून भरलेली रजई ऊब देते आणि तीच रजई चार वर्षांनी दबून चपटी झाली की थंडी आत येऊ लागते. कापूस तोच असतो, फक्त त्यातली हवा गेलेली असते. स्की बुटाचे बाहेरचे कवच कडक प्लॅस्टिकचे असते, ते कापडी बुटासारखे फुगत नाही. त्याच्या आत जाड अस्तराचा मऊ बूट, म्हणजे लायनर, बसवलेला असतो. खरी ऊब त्या लायनरची असते. अशा बंदिस्त जागेत तीन मोजे कोंबले की लायनर दबतो, मोजे दबतात, दोन्हींमधली हवा जाते आणि उरलेला दाब पायातल्या बारीक रक्तवाहिन्यांवर येतो. म्हणजे ऊब धरणारी हवाही गेली आणि ऊब आणणारे रक्तही अडले.

हे घरी बसूनही पाहता येते. नेहमीच्या घट्ट बुटात दोन जाड मोजे घालून अर्धा तास बसावे, मग मोजे काढून अंगठ्याचे नख दाबून पांढरे करावे आणि सोडावे. रक्त नीट फिरत असेल तर साधारण दोन सेकंदांत नख पुन्हा गुलाबी होते. दाबून ठेवलेल्या पायात याला अनेकदा जास्त वेळ लागतो.

आतला सुती मोजा तर सर्वांत घातक. तळव्यांना घाम खूप येतो, सुती कापड तो शोषून ओलेच राहते, आणि पाणी हवेपेक्षा सुमारे 25 पट वेगाने उष्णता वाहून नेते. लोकर ओलसर झाली तरी बरीच ऊब टिकवते. म्हणून गुडघ्याखालपर्यंत येणारा, पातळ किंवा मध्यम जाडीचा, मेरिनो लोकरीचा एकच मोजा घालावा. थर्मल पायजमाही बुटाच्या वरच संपवावा. त्याची घडी बुटात गेली की नडगीवर तोच दाब पुन्हा येतो.

एक नंबर मोठा बूट मागण्याचा सल्ला ऐकायला पटतो, कारण आपल्याला पावसाळी बूट तसे घ्यायची सवय असते. पण बूट सैल झाला की टाच आत वर-खाली होते, पाय सावरायला बोटे आपोआप आकसली जातात आणि सैलपणा घालवण्यासाठी माणूस बकले अधिकच आवळतो. स्की बुटाचा नंबर पावलाच्या सेंटिमीटरमधल्या लांबीवरून ठरतो, म्हणून जाण्यापूर्वी घरी भिंतीला टाच टेकवून लांबी मोजून ठेवावी. भाड्याचे बूट घेताना लायनर बाहेर काढून नुसत्या कवचात पाय घालावा, बोटे पुढे हलकी टेकवावीत आणि टाचेमागे किती जागा उरते ते पाहावे. दीड ते दोन सेंटिमीटर जागा असेल तर बूट योग्य आहे. मग लायनर घालून सरळ उभे राहिल्यावर बोटे पुढे किंचित टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवल्यावर सुटली पाहिजेत. भाड्याच्या दुकानात मागे रांग लागलेली असली तरी ही पाच मिनिटे सोडू नयेत, कारण पुढचा सगळा दिवस त्यांच्यावर अवलंबून असतो.

बकलांचेही तसेच. पावलाच्या वरच्या उंचवट्यावरून पायाची एक रोहिणी बोटांकडे जाते. तिथे बोट ठेवले तर ठोके हाताला लागतात. बुटाचे मधले बकल नेमके त्याच जागी येते. ते जीव खाऊन आवळले तर बोटांकडे जाणारे रक्त आपणच अडवतो. बूट चढवल्यावर टाच जमिनीवर दोन-तीनदा आपटून मागे पक्की बसवावी, बोटांजवळचे बकल फक्त उघडणार नाही इतपत लावावे आणि पकड घोट्याच्या वरच्या बकलांनी व पट्ट्याने घ्यावी. चेअरलिफ्टमध्ये बसण्याआधी खालची बकले सैल करावीत, वर जाईपर्यंत बोटे हलवत राहावीत आणि उतरताना पुन्हा लावावीत.

प्लॅस्टिकच्या पिशवीचा सल्ला कुठून आला असावा याचा मला अंदाज आहे. हरिहर किंवा अंजनेरीच्या पावसाळी ट्रेकला बुटात पाणी शिरते, तेव्हा मोज्यांवर पिशवी चढवणारे आपल्यात पुष्कळ आहेत, आणि तिथे तिचा उपयोगही होतो. स्की बुटाचे कवच मात्र मुळातच प्लॅस्टिकचे असते. ओल मुख्यतः आतून, घामाची असते. पिशवी ती मोज्यातच कोंडून ठेवते.

मोहरीच्या तेलाने त्वचेला चुणचुण होते आणि ती ऊब वाटते. तेलाने उष्णता निर्माण होत नाही, मोजा मात्र तेलकट होऊन चिकटतो. ब्रँडीने त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, क्षणभर गरम वाटते आणि शरीराच्या गाभ्यातली उष्णता बाहेर निघून जाते. औलीचे उतार साधारण 2,500 ते 3,050 मीटर उंचीवर आहेत. तिथे बर्फावर उभे राहून मद्य घेणे इतर कारणांनीही अनुचित आहे. तंबाखू आणि सिगारेट तर रक्तवाहिन्या थेट आकुंचित करतात.

संदेशात जे मुळीच नाही, ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. धड गार पडू लागले की शरीर हृदय, मेंदू आणि पोटातले अवयव गरम ठेवण्यासाठी हातापायांकडे जाणारे रक्त कमी करते. त्यामुळे पायाची बोटे गारठली तर पुष्कळदा उपाय पायात नसून अंगावर असतो: कानटोपी, मानेभोवती मफलर, जाकिटाच्या आत आणखी एक थर आणि पोटभर न्याहारी. आमच्या गटातल्या एका ताईंचे पाय रोज गार पडत. त्या सकाळी नुसत्या चहावर निघत होत्या. नाश्ता आणि एक लोकरी स्वेटर वाढवल्यावर त्यांची तक्रार थांबली, मोजे तेच होते.

रात्रीची काळजीही तितकीच आवश्यक आहे. लायनर कवचातून काढून उबदार खोलीत वाळत ठेवावे, हीटरला टेकवून नव्हे, कारण त्याने लायनर आक्रसतो. बूट गाडीच्या डिकीत ठेवू नयेत. गारठलेले प्लॅस्टिक इतके ताठ होते की सकाळी पाय आत जात नाही.

शेवटी शेकोटी. इथे मला कडक शब्द वापरावे लागतील. बधिर पायाला चटका कळत नाही, त्यामुळे आगीपाशी किंवा हीटरपाशी कातडी भाजते आणि माणसाला पत्ताच लागत नाही. बधिर पाय चोळूही नये, आणि त्याला बर्फ तर अजिबात लावू नये. दुखणारी बोटे अचानक दुखायची थांबली तर ते बरे होण्याचे नव्हे, धोक्याचे लक्षण आहे. अशा वेळी निवाऱ्यात येऊन बूट काढावेत आणि सोबत्याच्या पोटाला किंवा काखेला पाय लावून कोरड्या उबेने ते गरम करावेत. बोटे कडक, पांढरी आणि संवेदनाहीन असतील तर तो हिमदंश समजून ताबडतोब डॉक्टर गाठावा. पाय पुन्हा गोठण्याची शक्यता नसेल तरच 37 ते 39 अंश सेल्सिअस पाण्यात तो बुडवावा. तान्ह्या बाळाच्या अंघोळीचे पाणी आजी कोपर बुडवून पाहते, तितपतच कोमट, आणि तपासणाऱ्याचे कोपर धडधाकट माणसाचे असावे.

हे सगळे ऐकून काकूंनी विचारले, “मग एवढे विणले ते वाया गेले का रे?” मुळीच नाही. संध्याकाळी बूट उतरवले की पाय दमट असतात, तेव्हा पाय पुसून घालायला कोरडे, जाड, सैल लोकरी मोजे यासारखे दुसरे काही नाही. रात्री झोपतानाही तेच चालतात. फक्त वरची पट्टी घट्ट नको, एवढे मी सांगितले. काकूंनी तिथेच बसून पट्टी उसवली आणि आठ टाके वाढवून पुन्हा सुरू केली.