घंटा बदलली, मैदान तसंच

मार्च उजाडला की महाराष्ट्रात दरवर्षी तोच वाद रंगतो. परीक्षा एप्रिलअखेर न्यायच्या का, शाळा सकाळची कधी करायची, विदर्भात शाळा किती उशिरा उघडायच्या. 2025 मध्ये पहिली ते नववीच्या परीक्षा 25 एप्रिलपर्यंत चालल्या. प्राथमिक शाळांची वेळ सकाळी 7 ते 11.15 आणि माध्यमिकची 7 ते 11.45 ठरली. जूनमध्ये शाळा 16 तारखेला उघडल्या, विदर्भात 23 ला. सगळे तावातावाने बोलले. इथे मेलबर्नला बसून हे वाचताना एकच गोष्ट खटकते: हा वाद फक्त घड्याळाचा आहे. मूल ज्या मैदानावर खेळतं, ज्या रस्त्याने घरी येतं, त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

मेलबर्न ज्या ऑस्ट्रेलियन राज्यात आहे, त्या व्हिक्टोरियातही पारा चाळिशी ओलांडतो, पण अमुक अंशाला शाळा बंद असा नियम नाही. नियम आहे तो टोपीचा. टोपी नसेल तर मैदानात खेळायचं नाही, सावलीत बसायचं. याची सुरुवात 1981 च्या ‘स्लिप, स्लॉप, स्लॅप’ मोहिमेत आहे: सदरा चढवा, क्रीम लावा, टोपी घाला. क्रिकेटची कॅप चालत नाही, कारण तिच्यात कान आणि मान उघडी राहतात. काठ चारही बाजूंनी निदान 5 सेंटिमीटरचा हवा, नाहीतर मागे मानेवर रुळणारी झालर हवी. अतिनील निर्देशांक, म्हणजे कातडी भाजणाऱ्या किरणांच्या तीव्रतेचं माप, 3 झाला की ही काळजी सुरू होते. मोल आहे ते या सक्तीचं. टोपी आईच्या आठवणीवर किंवा पोराच्या लहरीवर सोडलेली नाही, ती शाळेच्या शिस्तीत बसवली आहे.

पण इथलं सगळंच उचलून तिकडे नेऊ नये. क्रीमचा हा आग्रह गोऱ्या कातडीच्या कर्करोगासाठी आहे. मेलबर्नला 20 अंशांच्या गार दिवशीही त्वचा भाजते, म्हणून तो इथे योग्यच आहे. आपल्या सावळ्या मुलांना तो धोका पुष्कळ कमी. अकोल्या-चंद्रपूरच्या मुलाला छळते ती उष्णता आणि अंगातलं आटणारं पाणी. तिथल्या शाळेने ट्यूबवर पैसे घालण्यापेक्षा शेडनेट घ्यावं.

आता त्या घड्याळाकडे बघा. सकाळच्या शाळेमुळे पत्र्याखालचे तापलेले वर्ग टळतात, हे खरंच. पण साडेअकराला सुटलेलं मूल बारापर्यंत रस्त्यावर असतं आणि महाराष्ट्रात सूर्य माथ्यावर येतो तो साडेबाराच्या आसपास. मे महिन्यात सूर्य बरोबर डोक्यावर येऊन सावली पायाखाली जाते, तो शून्य सावली दिवस आपण कौतुकाने साजरा करतो, पण त्याचा अर्थ असा की त्या सुमाराला आठवडेच्या आठवडे भर दुपारी रस्त्याला भिंतीचीही सावली मिळत नाही. शिवाय हवेचा पारा सर्वांत वर जातो तो दोन ते चारच्या दरम्यान. तेव्हा आई-वडील कामावर आणि मूल घरी किंवा गल्लीत. मुलांना शिकवायला सोपी खूण अशी: आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असेल तर उघड्यावर खेळायचं नाही.

हवामान खात्याचा आकडाही नीट समजून घ्यायला हवा. तो सावलीत, हवेशीर पेटीत, जमिनीपासून सव्वा मीटरभर उंचीवर मोजलेला असतो. खाली जमीन त्याहून कितीतरी तापलेली असते. पुण्या-नागपुरात गल्लोगल्ली झालेले बॉक्स क्रिकेटचे टर्फ याचं वाईट उदाहरण आहे. प्लास्टिकच्या गवताला खऱ्या गवतासारखा ओलावा नसतो, त्यामुळे बाष्पीभवनाने ते गार होत नाही. भर उन्हात त्याचा पृष्ठभाग 60 अंशांच्या वर जातो. बागेतल्या लोखंडी घसरगुंडीचं आणि रबरी फरशीचं तेच. तळहाताची कातडी जाड असते, म्हणून हाताची मागची बाजू टेकवून पाहा. सात आकडे मोजेपर्यंत ती ठेवता आली नाही, तर मुलाला तिथे बसवू नये.

उपाय महागडे नाहीत. रोपवाटिकेवर घालतात ती 75 टक्के सावलीची जाळी तीन मीटरांवर ताणून बांधावी. पत्रा तापून खाली उष्णता फेकतो, जाळीतून वारा खेळतो. एप्रिल-मेमध्ये सूर्य डोक्यावर असल्याने दुपारची सावलीही नेमकी जाळीखालीच पडते. तारा मात्र खोल रोवलेल्या खांबांना बांधा, नाहीतर पहिल्याच वळवाला जाळी उडते. झाड लावायचं तर करंज किंवा कडुनिंब. शाळांच्या आवारात हौसेने गुलमोहर लावतात, पण ऐन एप्रिलमध्ये त्याच्या फांद्यांवर जेमतेम पानं असतात.

पाण्याचं बोलू. केरळात 2019 मध्ये शाळांमधून पाणी पिण्याची वेगळी घंटा सुरू झाली, पुढे इतर राज्यांनीही ती उचलली. कल्पना चांगली आहे, कारण मुलांना तहान लागते तोवर अंग कोरडं पडू लागलेलं असतं. खेळताना दर वीस मिनिटांनी अर्धा पेला तरी पोटात जायला हवा. पण शौचालयाच्या दाराला कडी नसेल आणि आत पाणी नसेल, तर घंटा कितीही वाजवा, मुली पाणी पीत नाहीत. दुपारी पिवळीजर्द लघवी आणि उन्हाळी लागल्याची तक्रार मग घरी येते. शाळेच्या वेळांवर भांडणाऱ्या प्रत्येक पालकाने आधी ती कडी बघून यावी.

ओआरएसची पुडी एक लिटरची असेल तर एक लिटर पाण्यातच घालायची. पेल्यात अर्धी पुडी ढवळून दिली तर मीठ फार होतं आणि त्रास वाढतो. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात साखर सहा सपाट छोटे चमचे आणि मीठ अर्धा चमचा. नुसत्या तहानेला कैरीचं पन्हं, ताक उत्तम. खिशातल्या कांद्याने मात्र ऊन अडत नाही.

बंद गाडीचा विषय आपल्याकडे जवळजवळ निघतच नाही. व्हिक्टोरियात मुलाला गाडीत एकटं सोडणं गुन्हा आहे. 2024 च्या एप्रिलमध्ये मुंबईत अँटॉप हिलला खेळताना उभ्या गाडीत अडकून दोन भावंडं गेली. बेवारस उभ्या गाड्यांची दारं कुलूपबंद आहेत ना, हे सोसायटीने सुट्टी लागण्याआधीच बघायला हवं.

आणि ऊन लागलंच तर? मूल बरळू लागलं, झोकांड्या खाऊ लागलं किंवा झटका आला, तर घाम येतोय की नाही हे बघत बसू नका. उष्माघातात पॅरासिटामॉल उपयोगी पडत नाही, कारण हा ताप जंतूंचा नसतो. शुद्ध नसलेल्या मुलाच्या तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. सावलीत आडवं करा, जाडे कपडे काढा, अंगभर पाणी ओता आणि पुठ्ठ्याने, दुपट्ट्याने, मिळेल त्याने वारा घाला. बर्फ असेल तर फडक्यात गुंडाळून मानेला, काखेत, जांघेत. आधी गार करायचं, मग हलवायचं. 108 ला फोन दुसऱ्याने लावावा, पाणी ओतणाऱ्याचा हात थांबता कामा नये.