शस्त्रक्रियेपूर्वीच्या माहितीसत्राविषयीच्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार,

आईंच्या खुब्याचा सांधा बदलण्याच्या शस्त्रक्रियेपूर्वी आपण त्यांना आमच्या फोंड्याच्या फिजिओथेरपी केंद्रात घेऊन आलात आणि आता एकच स्टार देऊन "अर्ध्या तासात गुंडाळले, तासाचे पैसे घेतले, घरी काय करायचे ते सांगितलेच नाही" असे लिहिलेत. आपणा दोघांना झालेल्या मनस्तापाबद्दल दिलगीर आहोत.

मात्र वेळेविषयी लिहिणे भाग आहे. सत्र दहाला ठरले होते. आपण पोहोचलात तेव्हा साडेदहा होऊन गेले होते आणि अकराचे रुग्ण वॉकर घेऊन बाहेर येऊन बसलेले होते. तरीही खुर्चीतून उठताना ऑपरेशनचा पाय पुढे ठेवणे, जिना चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना ऑपरेशनचा पाय आधी टाकणे, हे आईंकडून प्रत्यक्ष करवून घेतले. आपण त्या वेळी बहुतांश व्हरांड्यात फोनवर होतात, हे दोष देण्यासाठी नव्हे, केवळ नोंद म्हणून लिहितो.

"सांगितलेच नाही" हे शब्द मनाला लागले. मागच्या बाजूने छेद घेतलेला असल्यास खुबा काटकोनापेक्षा अधिक वाकवायचा नाही, पायावर पाय टाकायचा नाही, पाऊल आत वळवायचे नाही, आणि हे पथ्य सर्जन सांगतील तोवर, साधारणपणे ६ ते १२ आठवडे, पाळायचे, कारण नवा सांधा निखळण्याचा धोका सुरुवातीच्या काळातच जास्त असतो, हे सारे चित्रांसह छापलेला कागद आईंच्या पिशवीत आमच्या थेरपिस्टने स्वतः ठेवला. चवथीला पाटावर बसून नारळ खवता येईल का, असे आईंनीच विचारले होते; तेव्हा यंदा जमिनीवर बसणे नको, उंच खुर्चीत बसून टेबलाला लावायच्या खवणीने खवा, असे त्यांना सांगितले. इतके बारकाईने विचारणारे रुग्ण आम्हाला क्वचितच भेटतात.

८०० रुपयांत शस्त्रक्रियेनंतरची एक भेटही धरलेली आहे. ती आपण अजून घेतलेली नाही, कृपया आईंना घेऊन या. उशिरा आलेल्यांना दुसरा दिवस देता येईल का, हेही पाहत आहोत. दरम्यान पोटरी दुखत असेल किंवा पाय अचानक सुजला असेल, तर आमच्या भेटीसाठी न थांबता लगेच सर्जनना दाखवावे.

आपला,
केंद्रसंचालक