संकलनातला 'कॉन्ट्रा' अनोळखी का वाटतो : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

'कॉन्ट्रा अ‍ॅनिव्हर्सरी कलेक्शन' (जपानी कंपनी कोनामीच्या 'कॉन्ट्रा' या गोळीबाराच्या व्हिडिओ गेम-मालिकेचे संकलन) आणि 'अटारी ५०' (अटारी या अमेरिकी कंपनीच्या जुन्या गेमचे संकलन) या दोन संकलनांवरील माझ्या लेखाला आपण दिलेली प्रतिक्रिया मी लक्षपूर्वक वाचली. आपले आक्षेप थोडक्यात असे आहेत : जुने गेम नव्या कन्सोलवर एकत्र बांधून विकणे ही निव्वळ पुनर्विक्री आहे; हेच सारे इम्युलेटरवर (जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या संगणक-प्रणालीवर) विनामूल्य मिळते; मध्येच खेळ जतन करण्याच्या आणि मागे नेण्याच्या सोयींमुळे त्या गेमची कसोटीच संपते; सपाट पडद्यावर काढलेल्या आडव्या रेषा हे जुन्या टीव्हीचे सोंग आहे; संकलनांत महत्त्वाचे गेम गायब असतात; आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, संकलनातला 'कॉन्ट्रा' आपण लहानपणी खेळलेल्या 'कॉन्ट्रा'पेक्षा वेगवान आणि परका वाटतो, तेव्हा त्याला 'जतन' म्हणणे खोटे आहे. या शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर मिळाले की बाकीच्या मुद्द्यांकडे कसे पाहावे हेही स्पष्ट होते.

आपल्याला जाणवलेला फरक खरा आहे आणि तो मोजता येतो. जपानमधील फॅमिकॉम आणि अमेरिकेतील निन्टेंडो एंटरटेनमेंट सिस्टिम ही निन्टेंडो कंपनीची घरगुती गेमयंत्रे सेकंदाला साधारण ६० चित्रे काढत असत, आणि त्या काळातील बहुतेक गेमचा सारा हिशेब या चित्रांवरच बांधलेला असे : नायकाने एका चित्रात किती ठिपके पुढे सरकायचे, गोळी किती चित्रांनंतर सुटायची, इतकेच काय, पार्श्वसंगीताचा पुढचा स्वर केव्हा वाजवायचा, हेसुद्धा. भारतात १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण सुरू झाले ते पॅल पद्धतीचे, म्हणजे सेकंदाला ५० वेळा पडदा रेखाटणारे. इथल्या टीव्हीला जोडण्यासाठी आलेली फॅमिकॉमच्या धर्तीवरची 'लिटल मास्टर'सारखी यंत्रे जेव्हा पॅलचा संकेत देत, तेव्हा ६० चित्रांसाठी लिहिलेला गेम ५० चित्रांच्या गतीने चाले. जपान-अमेरिकेत जो प्रसंग एका मिनिटात संपे, त्याला आपल्याकडे ७२ सेकंद लागत, आणि संगीतही त्याच प्रमाणात संथ होई. आपल्या बोटांना जी लय पाठ आहे ती या ७२ सेकंदांची आहे. संकलनात गेम मूळ गतीने चालतो, म्हणून तो आपल्याला घाईत असल्यासारखा वाटतो.

आपल्या पिढीची आठवण जतन करण्याचे काम या संकलनाने केलेले नाही, आणि तसा त्याचा दावाही नाही. ते काम अजून कोणीच नीट केलेले नाही, आणि ते व्हायला हवे असे मला मनापासून वाटते. ज्यांना आपण सगळे कॅसेट म्हणायचो त्या पिवळ्या-निळ्या कार्ट्रिज, '९९९९ इन १' असे लिहिलेल्या त्यांच्या याद्या, त्या यादीत नाव बदलून पुन्हा पुन्हा येणारे तेच पाच-सहा गेम, पहिल्याच पातळीऐवजी मधूनच सुरू होणारा 'कॉन्ट्रा' : हा आपल्याकडच्या व्हिडिओ गेमचा खरा इतिहास आहे. कोणतीही कंपनी तो अधिकृतपणे प्रसिद्ध करणार नाही, कारण त्या साऱ्या प्रती विनापरवाना होत्या. ज्यांच्या माळ्यावर ही यंत्रे अजून शाबूत आहेत, त्यांनी ती उघडून आतील सर्किटच्या पट्टीची छायाचित्रे घ्यावीत, गेमची यादी उतरवून ठेवावी आणि यंत्र चालू असेल तर त्याचे चित्रमुद्रण करावे. परंतु ही उणीव आपली आहे. तिचा दोष त्या संकलनाला देता येत नाही.

मग त्या संकलनाचे मोल कशात आहे? माझ्या मते ते पाठभेदांत आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताच्या शेकडो हस्तलिखितांची तुलना करून चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा वाचकाला केवळ गोष्ट मिळाली नाही, तर कोणता श्लोक कोणत्या परंपरेत आहे आणि कोणत्या परंपरेत नाही हेही तळटीपांत मिळाले. जुन्या गेमच्या संकलनाकडून माझी अपेक्षा याच जातीची आहे. २०१९ च्या या संकलनात १९८७ चा मूळ आर्केड (नाणे टाकून खेळण्याच्या सार्वजनिक यंत्रावरचा) 'कॉन्ट्रा' आहे, ज्याचा पडदा उभा होता आणि म्हणूनच ज्याची रचना घरच्या गेमपेक्षा पुष्कळ वेगळी वाटते. त्याच्या शेजारी १९८८ ची अमेरिकी घरगुती आवृत्ती आहे, आणि तिच्या शेजारी त्याच वर्षीची जपानी फॅमिकॉम आवृत्ती आहे. ही जपानी आवृत्ती लावून पाहावी, अशी माझी आपल्याला आग्रहाची विनंती आहे. तिच्या कार्ट्रिजमध्ये कोनामीने स्वतःची एक अधिकची चिप बसवली होती, आणि तिच्या बळावर पहिल्या पातळीतील झाडे वाऱ्याने हलतात, बर्फाच्या पातळीत खरोखर हिमवर्षाव होतो, पातळ्यांच्या मध्ये बेटाचा नकाशा आणि छोटे प्रसंग येतात. अमेरिकी कार्ट्रिजमध्ये ती चिप नव्हती, त्यामुळे तिथली झाडे स्तब्ध आहेत आणि बर्फ जमिनीवर नुसता पडून आहे. याच संकलनात युरोपातील 'प्रोबोटेक्टर'ही आहेत, ज्यांत जर्मनीतील हिंसेविषयीच्या कडक नियमांचा विचार करून माणसांच्या जागी यंत्रमानव घातले गेले. एकच गेम-मालिका तीन खंडांत तीन रूपांनी कशी वावरली, हे एका बैठकीत हाताने खेळून कळणे, ही गोष्ट १९९० च्या दशकात कोणत्याही देशातील मुलाला जवळपास अशक्य होती.

इम्युलेटरविषयी आपण जे लिहिले आहे, त्यातील आदराशी मी पूर्ण सहमत आहे. 'मेम' हा आर्केड यंत्रांचा इम्युलेटर १९९७ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाला, आणि त्यामागे राबणाऱ्या स्वयंसेवकांनी जी यंत्रे समजून घेऊन नोंदवून ठेवली, त्यांतील अनेकांची माहिती त्यांच्या मूळ उत्पादकांकडेही उरली नसती. कंपन्याही या कामावर उभ्या आहेत. डिसेंबर २०१८ मध्ये सोनीने 'प्लेस्टेशन क्लासिक' काढला, तेव्हा त्यात स्वयंसेवकांनी घडवलेला मुक्त इम्युलेटरच वापरला होता. आणि तरीही त्यातील २० गेमपैकी ९ गेमच्या युरोपीय, ५० हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला ५० चित्रांच्या) आवृत्त्या घातल्या गेल्या, त्यामुळे 'टेकन ३'सारखा वेगावर जगणारा गेम अमेरिकेतही मंद चालला. अधिकृत शिक्का असला म्हणजे वस्तू विश्वासार्ह असते, असे मी म्हणत नाही. निवड करणाऱ्याने कोणती आवृत्ती का निवडली, हे त्याला ठाऊक होते की नाही, एवढाच माझा प्रश्न असतो. फोनवर कुठून तरी उतरवलेल्या फाइलबाबतही हाच प्रश्न लागू आहे. ती जपानी आहे, अमेरिकी आहे की कोणी मध्येच बदल केलेली आहे, हे बहुतेक खेळणाऱ्यांना कळत नाही आणि कळण्याची सोयही तिथे नसते.

पडद्याच्या मुद्द्यावर मात्र मला जरा विस्ताराने लिहावे लागेल, कारण 'सोंग' हा शब्द मला पटला नाही. काळ्या आडव्या रेषा चित्रावर नुसत्या ओढून दिल्या तर चित्र अंधारते आणि काहीच साधत नाही. तशी कामे पुष्कळ झाली आहेत आणि त्यांविषयी आपला राग रास्त आहे. पण जुना टीव्ही हा त्या गेमच्या चित्रकाराचा कागद होता. सेगा कंपनीच्या मेगा ड्राइव्ह या घरगुती यंत्राला अर्धपारदर्शक रंग दाखवता येत नसे. म्हणून 'सॉनिक'च्या पहिल्याच पातळीतील धबधबे एकाआड एक उभ्या रेषांनी काढले आहेत. त्या काळच्या साध्या व्हिडिओ तारेतून जाताना या रेषा एकमेकींत मिसळत आणि पाण्याच्या पलीकडचे दिसू लागे. आजच्या स्वच्छ पडद्यावर तिथे पाणी दिसत नाही, जाळी दिसते. १९७९ च्या 'अ‍ॅस्टेरॉइड्स'चे उदाहरण तर याहून बोलके आहे. त्या यंत्रात ठिपक्यांचा पडदाच नव्हता. इलेक्ट्रॉनांचा झोत थेट रेषा आखत असे, आणि गोळीच्या ठिकाणी तो इतका प्रखर पडे की ती गोळी अंधारात ठिणगीसारखी उठून दिसे. 'अटारी ५०' करणाऱ्या डिजिटल एक्लिप्सने ही चमक आजच्या पडद्यावर उभी करण्यासाठी कष्ट घेतले आहेत. ती मूळ चमकेइतकी नाही, पण तिच्यामुळे त्या गेमचा काळोख परत येतो, आणि तो काळोख त्या गेमचा अर्धा भाग आहे.

जे परत आणता येत नाही तेही सांगायला हवे. 'डक हंट' या नेमबाजीच्या गेमची बंदूक चित्रनळीच्या टीव्हीवर नेमक्या कोणत्या क्षणी प्रकाश पडतो यावर चाले. एलसीडी पडद्यावर ती मूळ स्वरूपात चालतच नाही. शिवाय चित्रनळीवर संकेत येताक्षणी उमटत असे, तर आजचे अनेक टीव्ही चित्र आधी साठवून, त्यावर प्रक्रिया करून मग दाखवतात. एक चित्र म्हणजे सेकंदाचा साठावा भाग. असा दोन-तीन चित्रांचा उशीर झाला तरी 'कॉन्ट्रा'तील उडी चुकते. टीव्हीची 'गेम मोड' ही सोय चालू केल्याने हा उशीर पुष्कळ कमी होतो, आणि आपण ती केली नसेल तर आधी तेवढे करून पाहावे.

मध्येच जतन करण्याच्या आणि मागे नेण्याच्या सोयींविषयी थोडक्यात. आर्केडमधील कठीणपणाला नाण्यांचा हिशेब जोडलेला होता, आणि घरच्या 'कॉन्ट्रा'त तर निर्मात्यांनीच तीस जीव देणारी चोरवाट ठेवली होती. वर-वर-खाली-खाली असा सुरू होणारा बटणांचा तो क्रम काझुहिसा हाशिमोतो यांनी १९८६ च्या 'ग्रेडियस'मध्ये प्रथम घातला, कारण तपासणीसाठी तो गेम त्यांना स्वतःलाच फार अवघड जात होता. ज्याला कसोटी हवी त्याने ती सोय वापरू नये. ज्याला शेवटची पातळी कशी रचली आहे हे पाहायचे आहे, त्याला ती पाहण्याचा हक्क आहे, आणि नोकरी-संसार सांभाळून रात्री अर्धा तास खेळणाऱ्या माणसालाही आहे. मूळ गेम त्या सोयीविना खेळता येतो की नाही, एवढेच मी तपासतो.

पुनर्विक्रीच्या आक्षेपात तथ्य आहे, आणि मला सर्वांत जास्त खटकते ते विकण्यापेक्षा काढून घेणे. 'सुपर मारिओ ३डी ऑल-स्टार्स' सप्टेंबर २०२० मध्ये आले आणि ३१ मार्च २०२१ नंतर त्याची विक्री ठरवून बंद करण्यात आली. त्यात तीन थोर गेम होते आणि त्यांविषयी माहिती जवळपास काहीच नव्हती. २०२२ मध्ये 'सॉनिक ओरिजिन्स' येण्याआधी सेगाने जुने सुटे 'सॉनिक' गेम अनेक दुकानांतून हटवले, आणि नव्या संकलनातील 'सॉनिक ३'च्या काही पातळ्यांचे मूळ संगीतही बदललेले होते. अशा संकलनाला चिकित्सक आवृत्ती म्हणणे मला शक्य नाही. मात्र पर्याय किती थोडे आहेत तेही पाहावे. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीत असे दिसले की, २०१० पूर्वी त्या देशात प्रसिद्ध झालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात कोणत्याही स्वरूपात उपलब्ध नाहीत. ग्रंथालयांनी हे गेम संशोधकांना दुरून वापरू द्यावेत, ही मागणीही तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये फेटाळली. उरलेल्या १३ टक्क्यांत ही संकलने येतात.

राहिला गायब गेमचा प्रश्न. 'अटारी ५०'मध्ये शंभराहून अधिक गेम आहेत, मुलाखती आहेत, कागदपत्रे आहेत, अवघ्या १२८ बाइट स्मृतीच्या यंत्रावर हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ यांनी रचलेला १९८२ चा 'यार्स रिव्हेंज' आहे, ज्यातील रंगीत पट्टा गेमच्या स्वतःच्या प्रोग्रॅमच्या आकड्यांवरूनच चितारला जातो. पण त्याच वॉरशॉ यांनी त्याच वर्षी पाच आठवड्यांत केलेला 'ई.टी.' तिथे नाही, आणि अटारीवरचा 'पॅक-मॅन'ही २०२२ च्या मूळ संकलनात नव्हता, कारण दोन्हींचे हक्क इतरांकडे आहेत. अटारीच्या पडझडीची कथा या दोन गेमविना अपुरी राहते, हे आपले निरीक्षण अचूक आहे. प्रत्येक संकलनावरील लेखाच्या शेवटी 'यात काय नाही आणि का नाही' अशी नोंद असावी, ही आपली सूचना मी स्वीकारली आहे. 'अटारी ५०'च्या लेखाला ती आजच जोडली आहे, आणि 'कॉन्ट्रा'च्या लेखात कोणती आवृत्ती किती हर्ट्झने चालते याची ओळही घातली आहे.