दहा आठवड्यांत संशोधन होतं का?

"उन्हाळ्यात दहा आठवडे परदेशी लॅबमध्ये जाऊन विद्यार्थ्याकडून कसलं संशोधन होणार? फिरणं होईल," असं भौतिकवाला म्हणाला आणि जीवशास्त्रवालीला ते झोंबलं.

"हिशेब मांड. पहिला आठवडा सुरक्षा प्रशिक्षण, ओळखपत्र आणि लॉगिनमध्ये जातो. शेवटचा पोस्टर आणि अहवालात. उरले आठ. गोठवलेल्या पेशी वाढवायच्या असतील तर त्या नीट वाढीला लागेपर्यंत आणखी एक-दोन गेले. त्यात मायकोप्लाझ्मा (पेशींना लागणारा सूक्ष्म जिवाणू) निघाला की सगळं टाकून पुन्हा पहिल्यापासून."

"मग मी वेगळं काय म्हणतोय?"

"तू म्हणतोस जाऊच नका. मी म्हणते, जाताना प्रश्न लहान करून न्या. प्लाझ्मिड (हवं ते जनुक वाहून नेणारी डीएनएची छोटी कडी) तयार आहेत, प्रथिन शुद्ध करायची रीत बसलेली आहे, आपण फक्त त्या एन्झाइमच्या तीन म्युटंटची, म्हणजे बदल केलेल्या रूपांची, गती मोजायची. हे आठ आठवड्यांत बसतं. नवा नॉकआउट, म्हणजे एखादं जनुक बंद पाडलेल्या पेशी तयार करणं, नाही बसत. क्लोन (एकाच पेशीपासून वाढलेले गट) वेगळे करून, वाढवून, सिक्वेन्सिंगने (डीएनएचा क्रम वाचून) तपासेपर्यंत परतीची तारीख येते."

रसायनवाल्याचा मुद्दा दुसराच होता. "हे सगळं होकार देण्याआधी विचारा. यंत्र चालू आहे का? नमुने आहेत का? आणि रोज शिकवणार कोण? प्राध्यापक नव्हे, एखादा पोस्टडॉक (पीएचडीनंतरचा संशोधक) किंवा पीएचडीवाला शिकवतो. तोच ऑगस्टमध्ये महिनाभर सुट्टीवर असेल तर काम अडलंच."

"पण आधी प्राध्यापकांचं उत्तर तर यायला हवं. शंभर ईमेल पाठवले की एखादं येतं," भौतिकवाला म्हणाला.

"एकच मजकूर शंभर जणांना? पहिल्या ओळीतच कळतं ते. त्यापेक्षा दहा निवडा. दीडशे शब्द पुरेत: त्यांचा कुठला पेपर वाचला, त्यातल्या कुठल्या आकृतीवरून प्रश्न पडला, कोणतं तंत्र हाताने केलंय, तारखा कोणत्या. सोबत दोन पानी सीव्ही."

उन्हाळी संशोधन कार्यक्रमांच्या अटी मात्र मुळातूनच वाचाव्यात, यावर कुणाचं दुमत नव्हतं. एनएसएफच्या (अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाच्या) पैशावरच्या आरईयू, म्हणजे पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीच्या संशोधन-अनुभवाच्या, जागा अमेरिकेचे नागरिक आणि कायम रहिवासी यांच्यासाठीच असतात. बाहेरच्यांनी त्यात वेळ घालवू नये. अमेरिकेतल्या कॅलटेक विद्यापीठाच्या सर्फ या उन्हाळी कार्यक्रमात (1979 पासून चालू, दहा आठवडे) आधी मार्गदर्शक गाठून त्याच्याबरोबर प्रकल्पाचा प्रस्ताव लिहावा लागतो. रसायनवाल्याला हीच पद्धत सगळ्यात पटते, कारण प्रश्न लहान करायचं काम तिथे अर्जातच उरकतं.

"आणि युरोपातल्या शेंगेन देशांच्या अल्पकालीन व्हिसावर 'तीन महिने' समजून तेरा आठवड्यांचं तिकीट काढू नका," जीवशास्त्रवाली म्हणाली. "मर्यादा 180 दिवसांत 90 दिवसांची आहे. उतरल्याचा आणि निघाल्याचा, दोन्ही दिवस धरतात. तेरा आठवडे म्हणजे 91. शिवाय त्या व्हिसावर लॅबमध्ये काम चालतं का, हे यजमान संस्थेकडून लेखी घ्या. विमा किमान 30,000 युरोचा."

भौतिकवाला जरा नरमला. "सिम्युलेशन असेल तर जमेल म्हणा. पेशी मरत नाहीत."

"खातं मरतं ना!" जीवशास्त्रवाली म्हणाली. "लॅब सोडली की सर्व्हरचा प्रवेश बंद. म्हणून शेवटचे चार दिवस नवा रन लावायचाच नाही. मूळ डेटा न बदलता वेगळ्या फोल्डरमध्ये, कोडची आवृत्ती नोंदलेली, कुठल्या फाइलमधून कुठला आलेख निघाला ते रीडमी नावाच्या माहिती-फाइलमध्ये. नोंदवही लॅबचीच असते, ती तिथेच ठेवायची. स्वतःसाठी प्रत हवी तर परवानगी मागायची. आणि शिफारसपत्राचं त्याच आठवड्यात समोरासमोर बोलून घ्यायचं, काम त्यांच्या डोळ्यांसमोर आहे तोवर."