‘पाच मिनिटांचं काम’ या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार मॅडम,

तुम्हाला मनस्ताप झाला, त्याबद्दल मनापासून क्षमस्व. पण ‘ॲक्सेसची फाइल आरला जोडायचं पाच मिनिटांचं काम, त्याला अख्खा दिवस लावला, उगाच प्रश्न विचारत बसले आणि आठवड्यात सगळं बंद पडलं’ हे वाचून फार वाईट वाटलं. (ॲक्सेस म्हणजे मायक्रोसॉफ्ट ऑफिसमधलं डेटाबेसचं सॉफ्टवेअर, आर म्हणजे आकडेवारीचं विश्लेषण करायचं सॉफ्टवेअर.) असे अभिप्राय बघूनच लोक आम्हाला काम द्यायचं की नाही ते ठरवतात, म्हणून तो दिवस कुठे गेला हे सांगणं भाग आहे.

काम घेण्याआधी आम्ही विचारतोच, तुमचं मायक्रोसॉफ्ट ऑफिस ३२ बिट की ६४ (सॉफ्टवेअरचे हे दोन प्रकार)? तुम्ही ६४ कळवलंत. तो आकडा विंडोजचा होता, ऑफिस ३२ निघालं. आर ४.२.० पासून, म्हणजे २०२२ पासून, विंडोजसाठी ३२ बिट आर येतच नाही. ६४ बिट आरला ओडीबीसी ड्रायव्हरही (आर आणि ॲक्सेस यांना जोडणारा दुवा) ६४ बिटचाच लागतो, नाहीतर ‘आर्किटेक्चर मिसमॅच’ दाखवून डीएसएन, म्हणजे जोडणीची साठवलेली नोंद, उघडत नाही. आणि ३२ बिट ऑफिसवर ६४ बिटचा ड्रायव्हर टाकायला गेलं की इन्स्टॉलर सरळ नकार देतो. कमांड लाइनवरून तो दामटून बसवायची एक युक्ती सगळीकडे फिरते. तुमची पाच मिनिटं बहुधा तीच. मायक्रोसॉफ्ट त्याला पाठिंबा देत नाही, उद्या ऑफिस बिघडलं तर खोळंबा तुमचाच, त्यामुळे आम्ही ते करत नाही आणि करणारही नाही. ऑफिसच ६४ बिट करायचं ठरलं. त्याला लागणारा ॲडमिन पासवर्ड तुमच्या आयटी विभागाकडून आला दुपार टळल्यावर. तोवर आमचा माणूस बाकीची कामं पुढे ढकलून तुमच्याकडे बसून होता.

जोडणी झाली, तर तुमची क्वेरी, म्हणजे फाइलमधून माहिती काढायची आज्ञा, चालेना. तिच्यात ‘एनझेड’ होतं. रिकाम्या जागी दुसरी किंमत भरणारं ते ॲक्सेसचं स्वतःचं फंक्शन, ओडीबीसीतून गेलं की ‘अनडिफाइन्ड फंक्शन’ येतं. त्याऐवजी तेच काम करू शकणारं, अट तपासणारं ‘आयआयएफ’ घालून मोकळं होता आलं असतं. पण ज्यांचं वजन नोंदवलेलंच नाही, त्यांच्यापुढे ती क्वेरी शून्य भरत होती. ती शून्यं तशीच आरमध्ये गेली असती तर सरासरी वजन खाली आलं असतं, आणि एरर काही आला नसता. म्हणून आमच्या माणसाने विचारलं, ‘रिकामं ते रिकामंच ठेवू का?’ यालाच तुम्ही उगाच प्रश्न म्हटलंय. तो प्रश्न विचारला याचा मला अभिमान आहे.

आठवड्याने बंद पडलं ते फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवली गेल्यामुळे. डीएसएनमध्ये फाइलचा पूर्ण पत्ता असतो, फाइल हलली की तोही बदलावा लागतो. तुमचा फोन आल्यावर आम्ही तो लगेच बदलून दिला, एक पैसाही न घेता. त्याबद्दल अभिप्रायात अवाक्षर नाही, हे जास्त लागलं.

यापुढे कामाआधीची माहिती आणखी नीट घेऊ, वेळेचा अंदाजही आधी सांगत जाऊ. पुन्हा फाइल हलवायची झाली तर हलवण्याआधी एक फोन करा, आम्ही मदतीला आहोत. आणि जमलं तर अभिप्रायातलं ते ‘पाच मिनिटांचं’ तेवढं बदला, ही विनंती.