आधी मीटर लावा, मग बॅटरी विका

सकाळपासून डोकं तापलंय म्हणून लिहितेय. लांबणार आहे, पण वाचा.

ऑइल बदलायला सिंहगड रोडच्या बाजूला एका गॅरेजमध्ये गेले होते. (नाव लिहिणार नाही, विचारू नका.) तिथे एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर उभी होती, आमच्यासारखीच. आत बेड, ओटा, छोटा फ्रीज, खिडक्यांना पडदे, सगळं हौसेनं केलेलं. नवरा-बायको तिशीच्या आतले. तक्रार अशी, की मागची बॅटरी, म्हणजे दिवे-पंखा-फ्रीज चालवणारी, दिवसभर गाडी पळवली तरी रात्री दहाला बसते. गॅरेजवाल्यानं सीट उचलली नाही, टर्मिनलला बोटही लावलं नाही. "बॅटरी गेलीय. नवीन टाका. १४,०००." आणि ती मुलगी मुकाट्यानं फोन काढून पैसे पाठवायला लागली!

मी विचारलं, ही कधीची? म्हणाली, ऑक्टोबरमधली. आणि त्याआधीची? त्याआधीच्या दिवाळीतली.

दोन वर्षांत तिसरी बॅटरी, आणि कोणालाच वाटत नाही की ही मरतेय कशानं ते बघावं?

मला एकदम दिवेआगर आठवलं. तुमच्यातल्या काहींना माहीत आहे, तरी सांगते. तीन वर्षांपूर्वीचा मे महिना. मी आणि आई. ताम्हिणी उतरून संध्याकाळी पोहोचलो, सुरूच्या बनाशेजारी गाडी लावली. मागची बॅटरी बरोबर पंधरा दिवसांची होती, पुण्यातच घेतलेली, त्याआधीची 'गेली' म्हणून. रात्री दीडला फ्रीजची घरघर थांबली. त्या शांततेनंच मला जाग आली. फ्रीजमध्ये आईचं महिन्याभराचं इन्सुलिन होतं. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं, आणि बाहेर अंगाला चिकटणारी कोकणातली रात्र. बॅटरीचा आकडा ११ व्होल्टच्या खाली. आईच उठली, पेनं प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधली आणि बरोबर आणलेल्या छोट्या माठात, पाण्यात सोडली. वरून ओला पंचा. "होईल सकाळ," म्हणाली. ती माठाला हात लावून बसून राहिली आणि मी तिच्याकडे बघत राहिले. त्या रात्रीची लाज मला अजून वाटते. पैसे भरून, पावती घेऊन, विश्वास ठेवून आईला तिथे नेलं होतं मी.

तर आज मी गप्प बसले नाही. माझ्या गाडीत व्होल्ट मोजायचा मीटर असतो. इंजिन चालू करायला लावलं. पुढच्या, म्हणजे इंजिन चालू करणाऱ्या बॅटरीवर १४.१ व्होल्ट. मागच्या बॅटरीवर १२.३.

एवढं बघायला अर्धा मिनिट लागतो हो! इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत. पुढे दिसतायत, म्हणजे अल्टरनेटर, इंजिनवर फिरून वीज बनवणारा, ठणठणीत आहे. मागे दिसत नाहीत, म्हणजे वीज वाटेत कुठेतरी अडतेय. मग वाट शोधायची. रिले, म्हणजे दोन्ही बॅटऱ्या जोडणारा स्विच, टक् करून लागत होता, त्याच्या दोन्ही बाजूंना १४.१. फ्यूजच्या अलीकडे १४.१, पलीकडे १२.३. फ्यूज शाबूत, पण होल्डर आतून वितळून काळा पडलेला. आणि वायर? घरात प्लग पॉइंटला घालतात तसली २.५ चौरस मिलिमीटरची, पुढून मागेपर्यंत. रिकामी बॅटरी अल्टरनेटरकडून सहज ३०-४० अँपिअर ओढते, तिथे एवढ्या लांबीला १६ ची जाड केबल लागते. होल्डर वितळेल नाही तर काय होईल!

हे सगळं मी बोलत असताना गॅरेजवाला काय म्हणाला माहितीये? "मॅडम, तुम्ही इंजिनिअर आहात का?" आणि उरलेलं सगळं त्या मुलीच्या नवऱ्याकडे बघून बोलला. मीटर माझ्या हातात असताना! नाही, मी इंजिनिअर नाही. मला हे माणगावच्या एका काकांनी शिकवलंय.

दिवेआगरहून सकाळी म्हसळ्यामार्गे माणगावला आलो. हायवेला एक छोटं दुकान, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले काका, काट्याचा जुना मीटर. पुढे १४.२, मागे १२.९. मग त्यांनी मीटरची एक वायर मागच्या बॅटरीच्या निगेटिव्हला लावली आणि दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडाला. तिथे काटा हलायलाच नको, फार तर ०.२. काटा गेला १.२ वर. "ताई, इथे चोरी होतेय." बॅटरीची अर्थिंग, म्हणजे निगेटिव्हची वायर, सीटखाली फ्लोअरला बोल्टनं आवळलेली होती, रंगावरच, आणि रंगाखाली गंज. काकांनी पॉलिश पेपरनं पत्रा चकचकीत घासला, वायरच्या टोकाला नवी थिंबल (बोल्टमध्ये बसणारी कडी) टाकली, वरून व्हॅसलिन. १३.९! वीस मिनिटं. १५० रुपये घेतले, तेही आईनं बळेच हातात ठेवले म्हणून.

त्यांनी तेव्हा सांगितलेलं मी विसरलेले नाही. १२.९ वर बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही. महिनोन्महिने अर्धपोटी राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं, ते कडक होतं आणि सहा-आठ महिन्यांत बॅटरी खरोखरच मरते. म्हणजे 'बॅटरी गेलीय' हे गॅरेजवाल्याचं बोलणं खोटं नसतंच. ती जातेच! मग नवी येते, तिलाही त्याच गंजक्या बोल्टवर उपाशी ठेवतात.

आता तुमच्यातले काही म्हणतील, बॅटऱ्या मरतातच. मान्य, चार-पाच वर्षांनी मरतात. नव्या गाड्यांत अल्टरनेटरचा व्होल्टेज कॉम्प्युटर वरखाली करतो, तिथे मागच्या बॅटरीला वेगळा चार्जर लावावा लागतो, हेही मान्य. पण मी जुन्या गाड्यांबद्दल बोलतेय, जिथे सगळं डोळ्यांना दिसतं आणि हाताला लागतं.

लिहिता लिहिता जरा शांत झाले. त्या गॅरेजवाल्याकडे दोन पोरं कामाला आहेत, जागेचं भाडं आहे. दोष शोधायला तासभर घालवला तर त्या तासाचे पैसे आपण देतो का? पार्ट बदलला की १४,००० निमूट देतो आणि "नुसतं बघितलं तर" म्हणून ३०० रुपयांसाठी घासाघीस करतो. मीही केलीय. माणगावच्या काकांना आईनं बळेच पैसे दिले तेव्हा मी पर्समध्ये सुट्टे शोधत होते.

तरीही. त्या मुलीनं मला जाताना हळूच सांगितलं, की पुढच्या महिन्यात सासूबाईंना घेऊन पहिल्यांदाच बाहेर पडायचंय. तेव्हा मला परत तो माठ दिसला आणि परत संताप आला. पुण्यातल्या तपकीर गल्लीत तीन-चारशे रुपयांत मीटर मिळतो. गॅरेज टाकून बसलेल्या माणसाला तो हातात धरायला जड का होतो?

तिनं पैसे पाठवले नाहीत. होल्डर बदलून घेतला, जाड केबल उद्या टाकणार आहेत. बॅटरी घरी नेऊन रात्रभर चार्जरवर लावायला सांगितलीय. सकाळी चार्जर काढायचा, दोन-तीन तास तशीच ठेवायची आणि मग मोजायचं. १२.६ दाखवले तर तिच्यात अजून जीव आहे. १२.२ च्या आसपास अडकली, तर ती बॅटरी खरंच गेली, आणि तेवढ्यापुरता तो बरोबर ठरला, हे मी स्वतः जाऊन त्याला सांगेन.

आकडा आला की इथेच खाली लिहिते.